हजेरी घेणाऱ्याने प्रश्न कसा विचारावा?

आदरणीय बाई,

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित आश्रमशाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवतो. एम.ए. तत्त्वज्ञानात केलं. त्याचा कुणाला काही उपयोग वाटला नाही, बी.एड. होतं म्हणून नोकरी लागली. अधीक्षकांची जागा रिकामी असल्याने मुलांच्या वसतिगृहाचा कार्यभारही सध्या माझ्याकडेच आहे. जूनपासून दर बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर मी 'विचारांचा तास' घेतो. आधी सॉक्रेटिस, चार्वाक, शंकराचार्य, देकार्त असं क्रमाने सांगितलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मग चर्चा सुरू केली. चाळीस मुलं बसतात, बोलतात चार-पाच. तीही दहावीची, आणि माझ्या मनात काय आहे ते ओळखून बोलतात.

गेल्या महिन्यात देवावर चर्चा झाली. मी नास्तिक आहे हे मी लपवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नववीचा एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेला उभा राहत नाही. 'आमच्या घरी हा देव नाही, आणि सर म्हणाले तसा तो कुठेच नाही, मग हात का जोडायचे?' असं त्याने थेट मुख्याध्यापकांना विचारलं. त्याला दोन दिवस मैदान झाडायला लावलं आणि मला तास बंद करायला सांगितलं. 'दहावीच्या निकालाला याचा काय उपयोग?' हेही ऐकवलं. तास बंद करू की भांडू? आणि मुलं बोलती कशी करू?

— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

प्रिय सर,

मैदान झाडलं त्या मुलाने आणि पत्र आलं तुमचं. म्हणून आधी त्याचं बघू, तुमचं मागाहून.

त्याच्या बोलण्यात दोन तुकडे आहेत. तुम्ही आणि तुमचे मुख्याध्यापक, दोघांनीही ते एकच धरलेत. 'आमच्या घरी हा देव नाही' हा पहिला तुकडा त्याचा स्वतःचा आहे. त्याच्या घरी वाघदेव असेल, याहामोगी देवीच्या जत्रेला तो आईच्या कडेवर बसून गेला असेल. इथे पहाटे उठून ज्याला हात जोडायचे त्या देवाशी त्याची ओळखच कुणी करून दिलेली नाही. हा मुलगा नास्तिक वगैरे झालेला नाही, सर. 'देव आहे का' हा तुमचा प्रश्न. त्याचा प्रश्न 'कोणाचा देव' हा आहे, आणि मला तो तुमच्यापेक्षा खोल वाटतो.

'सर म्हणाले तसा तो कुठेच नाही' हा दुसरा तुकडा मात्र तुमचा, फक्त त्याच्या तोंडी. तुम्ही मुलांना चार्वाक शिकवलात. शब्दप्रमाण न मानणारा, कुणी सांगितलं म्हणून खरं धरायला नकार देणारा चार्वाक. आणि तो मुलांनी कशावरून मान्य केला? सर म्हणाले म्हणून! मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण एक विचारते, उत्तर मला नका देऊ. त्या पोराने मुख्याध्यापकांना प्रश्न केला हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला असेलच, पण मनातून थोडं बरंही वाटलं का? वाटलं असेल तर तो मुलगा काही अंशी तुमच्यासाठी प्रार्थनेला उभा राहिला नाही आणि झाडू त्याच्या हातात आला. त्या दोन दिवसांत एखादा खराटा तुम्हीही उचलायला हवा होता.

आता प्रार्थनेबद्दल. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. शाळेची प्रार्थना ही उपासना आहे की शिस्त, यावर वाद होऊ शकतो. म्हणून हे कलम हातात काठीसारखं घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरू नका. त्यांना संस्थाचालकांना तोंड द्यायचं असतं. पण मुलाशी बोलताना एक जुना खटला उपयोगी पडेल. केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. उभं राहणं वेगळं आणि गाणं वेगळं, हे त्या मुलांना आधीच कळलेलं होतं.

तुमच्या विद्यार्थ्यालाही हेच विचारा. सगळ्यांबरोबर उभं राहणं, हात जोडणं आणि ते शब्द म्हणणं ही तीन कामं आहेत. यातलं तुला नेमकं काय खोटं वाटतं? तो बहुधा म्हणेल, शब्द. मग मुख्याध्यापकांकडे जाताना तुमच्याजवळ बंडाऐवजी तोडगा असेल: मुलगा रांगेत शांत उभा राहील, म्हणणार नाही. आणि तो 'तिन्ही' म्हणाला, तर कारण विचारा आणि नीट ऐका. कारण आवडलं नाही म्हणून प्रश्न पुन्हा विचारत बसू नका. मुलांना ही खोड लगेच कळते.

आता तुम्ही.

'मिलिंदपञ्ह' हा पाली बौद्ध ग्रंथ तुम्ही वाचला असेल, रथ म्हणजे नेमका त्याचा कोणता भाग, या दृष्टान्तासाठी तरी. पण त्या रथानंतर थोड्याच अंतरावर एक छोटी बोलाचाली आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मिलिंद राजा नागसेन भिक्खूला म्हणतो, माझ्याशी चर्चा करा. नागसेन म्हणतो, पंडितांसारखी करणार असशील तर करतो, राजांसारखी करणार असशील तर नाही. दोन्हींत फरक काय? पंडितांच्या चर्चेत माणूस गुंडाळला जातो, सोडवला जातो, चूक दाखवली जाते, चूक कबूल होते आणि कुणी रागावत नाही. राजाची चर्चा म्हणजे तो एक बाजू घेतो आणि जो दुसरी घेईल त्याला दंड करतो.

दिवसशाळेतला मास्तर वर्गापुरता राजा असतो. पाच वाजता घंटा होते, पोरगं घरी जातं, जेवताना सांगतं की सर असं असं म्हणाले. बाप म्हणतो, 'तुझ्या सरांना काय कळतंय!' आजी आणखी तिसरंच काही बोलते. मास्तरच्या मताला तिथे आपोआप उतारा मिळतो. निवासी शाळेत ही आजी नसते. सकाळी उठवणारे तुम्ही, हजेरी घेणारे तुम्ही, ताप आला तर दवाखान्यात नेणारे तुम्ही, दिवाळीला घरी कधी सोडायचं ते ठरवणारे तुम्ही आणि बुधवारी रात्री 'मोकळेपणाने बोला' म्हणणारेही तुम्हीच. कोण बोलेल मोकळेपणाने? मी तेरा वर्षांची असते तर मीही तुमच्या मनातलं ओळखूनच बोलले असते. ती दहावीची चार-पाच मुलं लबाड नाहीत, अनुभवी आहेत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचे आणि सहा वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टरही होते. एकदा एका खोलीतून पैसे गेले. त्याच आठवड्यात मी रविवारच्या चर्चेला विषय घेतला, 'भुकेल्याने केलेली चोरी ही चोरी का?' मला वाटलं, विषय ताजा आहे, मुली रंगतील. आणि रंगल्या. एक मुलगी फार सुंदर बोलली, गरजेपोटी घेणं आणि हावेपोटी घेणं यांतला फरक तिने असा मांडला की मी थक्क झाले. त्या रात्रीपासून वसतिगृहात कुजबूज सुरू झाली की पैसे तिनेच घेतले, नाहीतर ती त्या बाजूने इतकं कशाला बोलली असती? आणखी वाईट म्हणजे अर्ध्या मुलींची खात्री होती की चर्चा हा चौकशीचाच प्रकार होता, बाईंनी सापळा लावला. ती मुलगी पुढे दोन वर्षं तिथे राहिली, चर्चेत एक अक्षर बोलली नाही. पैसे कोणी घेतले ते कधी कळलं नाही. मला मात्र कळलं की वसतिगृहात काल घडलेली गोष्ट आज चर्चेला घ्यायची नसते आणि चर्चेत बोललेलं शिस्तीच्या वहीपर्यंत जाता कामा नये, कौतुक म्हणूनसुद्धा.

म्हणून तास बंद करू नका, पण आता चालतो तसा चालवूही नका. तासाच्या दिवशी हजेरी दुसऱ्या शिक्षकांना घेऊ द्या. पहाटेपासून उठलेली पोरं रात्री जेवून पेंगतात; रविवारी सकाळी कपडे धुऊन झाल्यावर बसा. ज्याला यायचं त्याने यावं. चाळीसची बारा झाली तर वाईट वाटून घेऊ नका, बारा भरपूर झाली. गोल करून जमिनीवर बसा आणि तुम्हीही त्या गोलातच बसा. पहिल्याच दिवशी सांगा की इथलं बोलणं इथेच राहील, आणि मग ते खरं करून दाखवा. त्याला महिने लागतील. घरी सोडताना, भाजी वाढताना, भांडण मिटवताना मुलं तुम्हाला तपासत राहणार.

तुमचं मत लपवा असं मी म्हणणार नाही. मास्तरने मत नसल्याचं सोंग आणलं की तेही मुलांना कळतं. पण ते सर्वांत शेवटी सांगा, विचारलं तरच सांगा आणि त्याच्या विरोधातलं सगळ्यांत भक्कम कारण आधी सांगा. नास्तिकाने आस्तिकाची बाजू त्या आस्तिकालाही पटेल अशी मांडली, तर पोरं बघत राहतील. ती गोष्ट त्यांनी फारशी पाहिलेलीच नसते.

मुलं बोलत नाहीत, यातला निम्मा भाग भीतीचा. उरलेला भाषेचा. तुमच्या मुलांच्या घरी भिली असेल, पावरी असेल, मावची असेल. प्रमाण मराठी ही त्यांची परीक्षेची भाषा, म्हणजे चूक पकडली जाण्याची भाषा. तिच्यात कुणी शंका बोलून दाखवत नाही. प्रश्न घरच्या बोलीत मांडू द्या, शेजारी बसलेला मराठीत सांगेल. तुम्हाला कळणार नाही आणि 'काय म्हणाला तो?' असं तुम्हालाच विचारावं लागेल. तास सुधारायला मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही. आणि हा भाषांतराचा उद्योग स्वतःच तत्त्वज्ञान आहे. 'लाज', 'पाप', 'चूक', 'गुन्हा' या चार शब्दांसाठी तुमच्या बोलीत किती शब्द आहेत, विचारा. कमी असतील, जास्त असतील, भलतीकडेच विभागलेले असतील. जिथे शब्द जुळत नाही तिथे थांबा. एक सकाळ त्यात सहज जाईल.

आणखी एक बारीक गोष्ट: सर्वांत लहानाला आधी बोलू द्या. दहावीचा बोलून गेला की आठवीचा फक्त मान हलवतो. 'मला आत्ता काही म्हणायचं नाही' हेही बोलणंच समजा, नंतर त्याच्याकडे पुन्हा वळून बघू नका. हात वर करून मतं मोजायची नाहीत. वसतिगृहात बहुमत म्हणजे मोठ्या मुलांची खोली. 'मानियेले नाही बहुमता' हे तुकोबांचे शब्द तुम्हीच मराठीच्या तासाला समजावून सांगत असाल.

नावांची यादी मात्र बंद करा. सॉक्रेटिस कुठे जाणार नाही. तुमच्यासारखाच एक तर्कशास्त्राचा मास्तर अमेरिकेत होता, मॅथ्यू लिपमन. कॉलेजात शिकवताना त्याच्या लक्षात आलं की विचार कसा करायचा हे शिकवायला आपल्याला फार उशीर होतो. त्याने दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक गोष्टीचं पुस्तक लिहिलं. त्यात मुलं आपापसांत बोलत तर्काचे नियम शोधून काढतात. १९७४ साली न्यू जर्सीत त्याने या कामासाठी संस्था काढली. गोष्ट वाचायची, मुलांनी त्यावर प्रश्न काढायचे, त्यातला एक निवडून सगळ्यांनी मिळून उलगडायचा, अशी ती पद्धत. विचारवंतांची नावं मुलांना येण्याची गरजच नाही.

आपल्याकडे याहून जुनं हत्यार पडून आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधण्यासाठी बोलणं तो वाद. जिंकण्यासाठी बोलणं, मग त्यात समोरच्याच्या शब्दांचे मुद्दाम भलते अर्थ काढणंही चालतं, तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहणं ती वितंडा. हे तीन शब्द शिकवा, बाकी व्याख्या राहू द्या. दोन आठवड्यांत आठवीचं पोर दहावीच्याला म्हणेल, 'दादा, हा जल्प चाललाय.' माझ्या मुली म्हणायच्या. मलाही म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

विषय शोधायला लांब जाऊ नका. पत्र्याच्या पेटीचं कुलूप बदललं, मग कडी बदलली, मग झाकण, मग तळ गंजला म्हणून नवा पत्रा मारला. आता ही गावाहून आणलेलीच पेटी का? नागसेनाच्या रथाच्या जवळचाच हा प्रश्न. आजाऱ्याच्या वाटची केळी वाटून खाल्ली तर कोणाचं काय गेलं? झोपेत दिसलेलं घर आणि आठवलेलं घर, यातलं जास्त खरं कोणतं? हा शेवटचा प्रश्न जूनमध्ये घेऊ नका. सुट्टीहून आलेली पोरं रडतात.

मुख्याध्यापकांच्या निकालाच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. या तासाने गुण वाढतात असं सांगायचा मोह होईल. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत असा प्रयोग झाला होता. २०१५च्या अहवालात वाचन-गणितात थोडी प्रगती दिसली आणि वर्तमानपत्रांना आनंद झाला. पुढच्या मोठ्या चाचणीत तो फायदा सापडला नाही. तेव्हा त्या दोरीला लोंबकळू नका. फ्रान्समध्ये हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान बहुतेकांना आहे आणि त्याचा चार तासांचा पेपर असतो, म्हणून तिथे हा प्रश्न कुणी विचारत नसेल. आपल्याकडे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र भेटतं ते अकरावीत, तेही कला शाखेत, तेही कॉलेजने ठेवलं असेल तर. मुख्याध्यापकांना इतकंच सांगा की हा तास रविवारचा आहे, अभ्यासिकेतून एक मिनिटही घेत नाही, आणि त्यांनी स्वतः एकदा येऊन बसावं. गोलात, जमिनीवर. आले तर लहानांनंतर बोलायचं हा नियम त्यांनाही लागू.

ते अगदीच ऐकेनात तर तास लिहून चालवा. तुमच्या खानदेशातलंच उदाहरण आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली निघालं. तिथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आलेला एक तरुण नंतर त्याच गावच्या हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक झाला आणि छात्रालयही सांभाळू लागला. साने गुरुजी. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, अंथरुणं नीट करायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या छात्रालयात ते हाताने लिहून एक दैनिकही काढायचे. तुम्ही रोज नका काढू. भोजनगृहाच्या भिंतीवर आठवड्याला एक कागद लावा. वर एक प्रश्न, खाली मोकळी जागा. नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखलं तरी बोलायचं नाही. ज्याचं तोंड गोलात उघडत नाही तो जेवणाच्या रांगेत उभा राहून तिथे लिहील.

देवाचा विषय या वर्षी तुम्ही होऊन काढू नका. भ्यायचं म्हणून म्हणत नाही. त्या मुलाला 'कोणाचा देव' हा प्रश्न सावकाश वाढवू द्या, तो स्वतः घेऊन येईल तेव्हा घ्या. सुरुवात धुरापासून करा. 'डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय' हे नैयायिकांचं, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांचं, पाठ उदाहरण, आणि त्याचा दाखला ते देतात तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. तुमच्याकडे सातपुडाही आहे आणि स्वयंपाकघरही. सकाळी डोंगरावर दिसतो तो धूर की धुकं, कसं ठरवायचं, यावर पोरं भांडतील, भांडू द्या. कोणीतरी म्हणेल, धूर तिथे आग. मग उलट विचारा, आग तिथे धूर? कोणीतरी गॅसकडे बोट दाखवेल. धूर मग आगीचा, की आणखी कशाचा? नैयायिकांनी याचं उत्तर शोधून ठेवलंय, ते तुम्ही एम.ए.ला वाचलंय, पण सांगू नका. स्वयंपाकाच्या मावशींना अर्धा तास मोकळं करून गोलात बोलवा. ओल्या लाकडाने डोळ्यांना किती पाणी येतं ते त्यांनाच विचारा.